जिभेखालची कणी

आबांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट. सोनाराकडे कसोटीचा दगड, तसं आबांकडे हे बोट, असं वस्तीत म्हणत.

*

टाकीला तळ लागला तेव्हापासून चाळीमागच्या संडासांना कुलपं होती. किल्ली मुकादमाकडे. मुकादम म्हणे, आधी पाणी आणा, मग किल्ली मागा. लोक पुन्हा माळावर जायला लागले, आणि कुणी समोरून आलं की खोकून आपली जागा कळवायला लागले.

*

शिंपीणबाई शिवता शिवता स्टुलावरून खाली पडली. तिचा एक पाय मशीनच्या पायट्यातच अडकला होता आणि झटके देत होता. त्या झटक्यांनी मशीन चालूच राहिलं. सुईखाली कापड नव्हतं.

*

कपडे धुताना आबांच्या सुनेला स्वतःच्याच आतल्या कपड्यात एक चपटा पांढरा तुकडा सापडला. फितीचा कापल्यासारखा, नखाएवढा. नाडी विरली असेल, असं म्हणून तिनं तो पाण्याबरोबर सोडून दिला.

*

डुक्कर विकत घ्यायचं म्हणजे आधी त्याचं तोंड उघडायचं.

दोघांनी दाबून धरायचं. जबड्यात दांडकं आडवं घालायचं. जीभ हाताला निसटते, म्हणून फडक्यात धरून बाहेर ओढायची. मग जिभेच्या खालच्या अंगानं बोट फिरवायचं, मुळापासून शेंड्यापर्यंत, सावकाश. कणी लागली, तांदळाएवढी, गुळगुळीत, जागच्या जागी सरकणारी, की डुक्कर परत. मग ते बाहेरून कितीही गुबगुबीत असो. जिभेखाली कणी असली तर अंगभर असते, हे आबांना त्यांच्या वडलांनी शिकवलेलं. आणि हेही शिकवलेलं, की बोट फिरवताना जिभेकडे बघायचं नाही. डोळे फसतात. लाळेचा बुडबुडा कणीसारखा दिसतो, कणी बुडबुड्यासारखी. बोट असताना डोळे लावणारा खाटीक कच्चा.

त्या दिवशी मावशीच्या वाड्यात डुक्कर सुनेच्या नवऱ्यानं धरलं होतं. सून दांडकं धरून होती. मावशी म्हणजे कुणाचीच मावशी नव्हती. डुकरं पाळायची, म्हणून सगळ्यांची मावशी.

"मावशी, यंदा डुकरं मोकळी सोडलीस म्हणे?" सुनेनं विचारलं.

"मग काय पोटाशी धरून बसू? आपल्याला प्यायला पाणी नाही, यांचं डबकं कुठून भरू? सकाळी सुटतात, माळावर हिंडतात, दिवे लागायला आपसूक घरी. माझ्या पोरांपेक्षा गुणी आहेत."

"पोरं येत नाहीत का घरी?"

"येतात की. जेवायला."

आबा हसले. बोट जिभेखाली गेलं, सावकाश फिरलं, परत आलं. सुनेच्या लक्षात आलं की आबांची नजर सगळा वेळ मावशीच्या तोंडावर होती. म्हातारी माणसं बघतात कुठंही, असं तिच्या मनात आलं आणि गेलं.

"लोणी आहे जीभ," आबा म्हणाले. "दोरी बांधा."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर नेहमीसारखी गर्दी झाली. नवऱ्यानं पहाटेच कापून, गरम पाण्यानं केस खरवडून, दोन अर्धी करून आकड्यांना टांगली होती. तो मागे आतडी धूत होता. पुढे लाकडी ठोकळ्यावर सून. आबा दाराशी स्टूल टाकून बसलेले. बसणं हेच आता त्यांचं काम होतं. ते बसलेले दिसले की लोक मांस उलटून बघत नसत.

"आबा, त्या बोटाचा विमा उतरवा," चहावाला म्हणाला. तो बरगड्या घ्यायला आला होता. "उद्या कुणी चोरून नेलं तर?"

"नेऊ दे. त्याला काय, नाकात घालायला उपयोगी पडेल."

पोस्टमनची बायको मांडीचा तुकडा घ्यायला आली होती. तिनं तो आधी या हातात तोलला, मग त्या हातात. "वहिनी, हाड जरा कमी घाल. मागच्या खेपेला हाडंच शिजवली मी. नवरा म्हणाला, माझ्यासाठी जेवण केलंस की कुत्र्यासाठी?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, फरक असता तर वेगवेगळी ताटं केली असती."

वीटभट्टीचा स्वयंपाकी सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक. हातगाडी घेऊन यायचा. मागचा एक पाय आख्खा, आणि डोकं. भट्टीवरच्या गड्यांना पातेल्यातलं मांस आवडत नसे. कामाच्या मधल्या सुटीत ते तापलेल्या विटांवर तुकडे ठेवायचे, वरचं करपलं की खायचे. आतून लाल असलं तर म्हणायचे, ताकद त्यातच असते.

हातगाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि सुनेनं पुढचा फरा, खांद्यासकट पाय, आकड्यावरून काढला. ठोकळ्यावर ठेवला. खांद्याच्या हाडालगत सुरी घातली आणि मांस उघडलं.

आत कुणीतरी तांदूळ सांडले होते.

हे तिला खरोखरच तसं वाटलं. क्षणभर तिनं इकडंतिकडं पाहिलं, कुणाच्या पिशवीतून सांडले असतील म्हणून. मग तिनं एक कणी उचलायला चिमूट केली. ती उचलली जाईना. ती मांसातच होती. लाल धाग्यांच्या मधे, पातळ पाणेरी पिशवीत, आत एक पांढरं टिंब. नखानं दाबली तशी टप्प करून फुटली. टिंब तिच्या अंगठ्यावर आलं.

तिनं सुरी आणखी खोल घातली. तिथंही. आडवी कापली. तिथंही. जिथं कापावं तिथं.

तिनं सुरी ठोकळ्यावर टाकली. समोर उभी असलेली बाई म्हणाली, "काय गं, बोट कापलंस?"

"नाही," सून म्हणाली. "हो. जरा थांबा."

तिनं फरा फडक्यात गुंडाळला आणि मागे गेली.

*

नवऱ्यानं पाहिलं आणि हात पाण्यातून बाहेर काढले नाहीत.

"चरबीच्या गाठी असतील."

"चरबी दाबली तर फुटते का?"

"हळू बोल."

"आबांनी बोट फिरवलं होतं ना? माझ्यासमोर फिरवलं. लोणी म्हणाले."

"हळू बोल म्हटलं ना."

नवरा हळू बोल म्हणतो ते गिऱ्हाइकांसाठी, असं तिला वाटलं. मग तो दाराकडे बघत होता ते दिसलं. दारात आबा उभे होते. आतल्या आवाजावरून उठून आले असावेत.

"काय झालं?"

सुनेनं फरा उघडा केला, आबांचा हात धरला, आणि ते बोट त्या उघड्या मांसावर ठेवलं. ज्या सासऱ्याच्या हाताला लग्न झाल्यापासून तिनं कधी हात लावला नव्हता, तो हात. तिनं बोट कण्यांवरून पुढे नेलं, मागे आणलं. कण्या बोटाखाली सरकताना तिला दिसत होत्या.

"लागतंय काही?" तिनं विचारलं.

आबांनी डोळे मिटले. बोट आपणहून फिरवलं. त्यांचं कपाळ आक्रसलं, एखादा शब्द आठवत नसल्यासारखं.

"कुठंय?" ते म्हणाले.

नवऱ्यानं मान फिरवली. तिला कळलं की त्याला माहीत होतं. अगदी सगळं नसेल, पण असं काहीतरी आहे एवढं.

"कधीपासून?" ती म्हणाली.

आबा पिंपावर बसले. "उकळत्या पाण्यात हात घालून घालून आयुष्य गेलं. वर साखरेचं दुखणं. आधी शेंडा गेला. मग पेरं गेलं. चहाचा पेला गरम की गार, ते ओठाला लागल्यावर कळतं."

"मग इतके दिवस तुम्ही काय बघत होता?"

"माणूस." आबा फऱ्याकडे बघत नव्हते. "विकणारा. त्याला ठाऊक असतं आपल्या डुकरात काय आहे ते. कुणी काट्यानं कणी उकरून काढून आणतो. मी जीभ ओढताना तो माझ्या बोटाकडे बघतो. ज्याच्या मनात काही नाही तो डुकराकडे बघतो, दुखतंय का म्हणून. मी त्यावरून सांगायचो. एकदाही चुकलो नाही."

"मावशी डुकराकडे बघत होती."

"डुकराकडेच बघत होती."

"तिला ठाऊकच नव्हतं आबा! डुकरं मोकळी हिंडतात माळावर, आपण सगळे जातो तिथं, तीच घाण खातात. तिला ठाऊक नाही, तर तिच्या डोळ्यांत दिसणार काय?"

आबांनी बोटाकडे पाहिलं. जसं काही ते बोलेल.

*

"शटर ओढू," नवरा म्हणाला. "फरा पुरून टाकू. जे गेलं ते गेलं. लोक शिजवतात, शिजवलं की सगळं मरतं."

"आणि भट्टी? ते शिजवतात?"

"तुला काय करायचंय? तू काय गाव सांभाळायला आलीयस? आज हे सांगितलं तर उद्या या दारात कुत्रंसुद्धा येणार नाही. त्यांच्या बोटावर हे दुकान उभं आहे."

"त्या बोटाला काही कळत नाही."

"ते तुला आणि मला ठाऊक आहे!"

बाहेरून कुणीतरी ओरडलं, "अहो, आहे का कुणी? की डुक्करच विकायला बसवलंय?" आणि हशा झाला.

आबा उठले. दुकानाच्या पुढच्या भागात गेले. सुनेला वाटलं, ते स्टुलावर बसणार. त्यांनी स्टूल उचललं, आत आणून पालथं ठेवलं, आणि चपला घातल्या.

"बादली घे, तू चल माझ्याबरोबर," ते सुनेला म्हणाले. "कुणाला काय दिलं ते तुला आठवतं."

*

चहावाल्याच्या बरगड्या पातेल्यात होत्या, पण खालचा जाळ अजून पेटायचा होता. ऐकता ऐकता त्याचं हसू गेलं ते सगळं एकदम गेलं नाही, थोडं थोडं गेलं, कारण आधी त्याला ही थट्टाच वाटली.

"पण तुम्ही बोट फिरवलं होतंत ना आबा?"

"फिरवलं होतं. त्याला काही कळलं नाही."

चहावाल्यानं पातेलं दोन्ही हातांनी धरून सुनेच्या बादलीत पालथं केलं. मग ते पातेलं परत ठेवू की टाकून देऊ, हे न कळून तसाच धरून उभा राहिला.

पोस्टमनच्या बायकोनं मांडीचा तुकडा चुलीपुढून आणून दिला. कापायलाच घेतला होता. आडव्या कापात दोन कण्या स्पष्ट दिसत होत्या. तिनं त्या पाहिल्या होत्या, आणि लसूण समजून बोटानं काढायला गेली होती.

"हे सांगायला आलात ते बरं केलंत," ती दारात उभी राहून म्हणाली, शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात. "पण आबा, वर्षभर खाल्लं त्याचं काय? तेही परत करायचं का? कसं करू ते सांगा. वरून करू की खालून?"

शेजारच्या दारात कुणीतरी फिसकन हसलं, आणि लगेच कुणालातरी ओकारी आल्याचा आवाज आला.

आबा म्हणाले, "बाई, माझं चुकलं."

"तुमचं चुकलं? मी माझ्या म्हाताऱ्या आईला भरवलंय हो हे! आबांच्या दुकानातलं आहे, खा, म्हणून भरवलंय!"

तिनं दार लावलं. आबा दाराकडे बघत राहिले. सुनेनं त्यांच्या कोपराला धरून वळवलं. बादली जड झाली होती आणि उन्हानं वास सुटायला लागला होता. मागून दोन कुत्री येत होती. आबा काठीनं त्यांना हाकलत होते, दर वळणावर, न थकता. जणू आता उरलेलं काम एवढंच.

*

भट्टीवर मधली सुटी होऊन गेली होती.

"परत मागायला आलात?" स्वयंपाकी म्हणाला. "उशीर केलात. हाडं आहेत, हवीत तर न्या."

विटांवर तेलकट डाग होते. गडी सावलीला पाय पसरून पडले होते. आबांनी सांगितलं. मोठ्यानं, एकदाच. आधी कुणी उठलं नाही.

"जंत आमच्या पोटात गेला तर उपाशी मरेल," एक जण म्हणाला आणि दोघं-तिघं हसले.

"कण्या म्हणजे कसल्या?" दुसऱ्यानं विचारलं.

डोकं अजून शिल्लक होतं. स्वयंपाक्यानं ते टोपलीतून काढून विटांच्या थप्पीवर ठेवलं, जबडा उघडला आणि जीभ वर केली. भर दुपारचं ऊन सरळ आत पडलं. जिभेच्या खाली, बोट फिरतं नेमकं तिथं, पाणेरी फोडांसारख्या कण्या होत्या. लपलेल्या नव्हत्या. कुणीही वाकून पाहिलं असतं तरी दिसल्या असत्या.

आबांनी पाहिलं. सुनेच्या मनात आलं, इतक्या वर्षांत आबांनी जिभेखाली डोळ्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असेल.

हसणारा गडी उठून बसला. मग उठून बाजूला गेला आणि घशात बोटं घालायला लागला. त्याच्यामागे आणखी एक गेला.

स्वयंपाक्यानं कुणालातरी दवाखान्यातल्या नर्सताईला बोलवायला धाडलं. तोवर बादलीतलं सगळं जाळायचं ठरलं. भट्टीवरच्या मुकादमानं तिचं तोंड उघडायला सांगितलं. नवरा मागाहून उरलेली अर्धी घेऊन आला होता, हातगाडीवर गोणपाटाखाली झाकून. एकेक तुकडा आत गेला. डोकं आबांनी स्वतः उचललं, आत ढकललं, आणि एक हात लोखंडी दारावर टेकून उभे राहिले.

वास आधी सुनेला आला. तिला वाटलं, मांसाचाच. मग तिनं पाहिलं.

"आबा, हात!"

आबांनी तिच्याकडे पाहिलं. काय झालं ते त्यांना कळेना. तिनं मनगट धरून हात ओढला, तेव्हा बोटाची कातडी दाराला चिकटून मागे राहिली. आबा त्या बोटाकडे बघत होते, दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं. सगळे गडी बघत होते. आता कुणी काही विचारायचं राहिलं नव्हतं.

*

नर्सताईनं आधी आबांचं बोट बांधलं. बांधता बांधताच सगळ्यांना सांगितलं.

"कच्चं पोटात गेलं असेल तर आत जंत वाढतो. फितीसारखा, लांबच लांब. आज कळणार नाही, दोन-तीन महिन्यांनी कळेल. त्याला गोळी आहे, मी देते, घाबरायचं कारण नाही." तिनं गाठ मारली. "घाबरायचं ते दुसऱ्याच गोष्टीला. ज्याच्या पोटात हा जंत असतो, त्याच्या शौचातून अंडी पडतात. दिसत नाहीत. माळावर पडली तर डुकरं खातात, ते तुम्ही पाहिलंतच. पण हात नीट धुतले नाहीत, आणि त्या हातानं कुणाला काही कच्चं चिरून दिलं, तर ती अंडी त्या माणसाच्या पोटात जातात. तिथून रक्तात, रक्तातून डोक्यात. डुकराच्या मांसात बसतात तशा कण्या माणसाच्या मेंदूत बसतात. मग फीट येतात. माणूस उभ्याचा पडतो."

"पण मांस खाल्लं तरच ना?" स्वयंपाकी म्हणाला.

"नाही. जन्मात मांसाला न शिवलेल्या माणसालासुद्धा. त्याचं पाप एवढंच, की त्यानं दुसऱ्याच्या हातचं खाल्लं."

भट्टीत चरबी तडतडत होती.

"कुणाला पांढरे चपटे तुकडे पडलेले दिसलेत? कपड्यात, शौचाला? फितीचे असावेत तसे? लाजू नका."

सुनेनं आपले हात पाहिले. नखांत अजून रक्त होतं, सकाळचं. अंगठ्यावर ते टिंब वाळून चिकटलं होतं. टाकीला तळ लागल्यापासून एका तांब्यात दोघांचे हात धुतले जात. माळावरून आलं की मातीला हात घासायचे आणि पुढच्या कामाला लागायचं. पण हात धुतले नाहीत असे दिवस पाणी असतानाही होते, घाईचे. तिनं आठवायचा प्रयत्न केला आणि आठवेनात, कारण न धुतलेले हात कोण लक्षात ठेवतं.

"मला," ती म्हणाली.

नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. आबांनीही.

"कधीपासून?"

"नाडी वाटली मला," सून म्हणाली. "पुष्कळ दिवस झाले. गेल्या वर्षीपासून. मला नाडी वाटली."

नर्सताईनं तिला तिथंच गोळी दिली. पाण्याचा पेला पुढे केला. पेला धरताना सुनेनं तो बाहेरून, अगदी बुडाला, दोन बोटांत धरला.

*

घरी जाताना नवरा रिकामी हातगाडी ढकलत पुढे गेला. आबा त्याच्यामागे, बांधलेलं बोट वर धरून, कुणाला काहीतरी विचारायचं असल्यासारखं. सून मागे राहिली.

शिंपीणबाईची खोली रस्त्याला लागून होती. खिडकीतून मशीनचा आवाज येत होता. मधेच थांबला.

"अगं, आज दुपारी कुठं होतीस? वाट बघून बघून मी एकटीच जेवले. काय म्हणतात ते खरं आहे का गं, डुकराचं? ये ना आत."

सून खिडकीपाशी उभी राहिली. आत गेली नाही. दोन्ही हात तिनं पाठीमागे धरले होते.

"उद्या सकाळी मोठ्या दवाखान्यात जायचं आपल्याला," ती म्हणाली. "तुझ्या डोक्याचा फोटो काढायला."

"माझ्या? मला काय झालंय? फीट येतात त्या येतात. गोळ्या चालू आहेत. आणि तुमच्या डुकराचा माझ्याशी काय संबंध? मी तर वासही सहन करत नाही, तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे."

"मग?"

शिंपीणबाईनं हातातली कात्री खाली ठेवली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, कारण तिला ते कुठं न्यावं ते कळेना.

"अशी काय उभी आहेस, हात मागे घेऊन? काय लपवतेयस? दाखव बघू."

आदल्या उन्हाळ्यात, शिंपीणबाई पहिल्यांदा पडायच्या कितीतरी आधी, दोघी रोज दुपारी या खिडकीत बसून काकडी खात असत, आणि ती काकडी सून दुकानातून येताना स्वतःच्या हातानं चिरून आणायची.